सहरी-इफ्तारचा दिवा घरीच बनवा

शाबान लागला की आपल्या घरांत दोन तयाऱ्या सुरू होतात. एक स्वयंपाकघरातली. दादरचे पीठ, डाळी, खजूर, सरबताच्या बाटल्या. दुसरी मुलांची. दारावर, गच्चीवर, मस्जिदीच्या रस्त्यावर रंगीत लायटिंग. बाजारातून रंग बदलणारी माळ येते, ईदपर्यंत कशीबशी चालते आणि नंतर अडगळीत पडते. घरात एखादा खटपट्या मुलगा किंवा मुलगी असेल तर ती माळ उघडून आत काय आहे ते पाहिले जाते आणि मोठ्यांची बोलणीही खावी लागतात. पैसे उडवायचे धंदे, अभ्यास सोडून भलतेच उद्योग, ही वाक्ये आपल्या ओळखीची आहेत.

या महिन्यात आम्ही अशा खटपट्या मुलांची बाजू घेणार आहोत, पण एका अटीवर. त्यांनी बनवलेला दिवा घरातल्या कुणाच्या तरी कामी आला पाहिजे.

दिवा कुणासाठी?

नंदुरबार, शहादा, नवापूर यांसारख्या गावांत मस्जिदीचा आवाज बहुतेक मोहल्ल्यांत पोहोचतो. पण अक्कलकुवा, तळोदा किंवा धडगावकडे शेतावर आणि वस्तीवर राहणारी घरे आहेत. तिथे अजान ऐकू येईलच असे नाही. आणि अगदी मस्जिदीच्या भिंतीला लागून घर असले तरी ज्यांचे कान थकले आहेत त्यांना काय उपयोग? रमजानच्या पहाटे दादी विचारते, "वेळ झाली का?" कुणी उत्तर देते, कुणी मोबाईलमध्ये असते. दोन-तीनदा विचारून झाले की वडीलधारे माणूस विचारणेच सोडते आणि वीस मिनिटे आधीच हात आखडते. साखरेची गोळी घ्यायची राहते, पाण्याचा शेवटचा घोट राहतो. आपल्याला ते कळतही नाही.

तीच गोष्ट चुलीपुढे बसलेल्या अम्मीची. पिठाचे हात, तव्यावर भाकरी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला किती मिनिटे उरली हे तिला कुणी सांगत नाही.

म्हणून हा दिवा. बारा छोट्या रंगीत दिव्यांचे एक कडे. सहरी संपायला एक तास उरला की बाराही दिवे हिरवे होतील. दर पाच मिनिटांनी एक दिवा विझेल. शेवटचे दोन उरले, म्हणजे दहा मिनिटे उरली, की ते पिवळे होऊन सावकाश उघडमीट करतील. वेळ संपली की सगळे विझून एकच लाल दिवा राहील. संध्याकाळी याच्या उलट. इफ्तारला एक तास उरला की दर पाच मिनिटांनी एक पिवळा दिवा वाढत जाईल आणि वेळ झाली की पूर्ण कडे पांढरे होईल. कुणाला काही विचारायला नको. दिवे मोजायचे, बस्स.

ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे

अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर ११८३ च्या रमजानात मक्केत होता. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की हरमच्या मिनारावर एका उंच लाकडी खांबाला काचेचे दोन मोठे कंदील चढवलेले असत. ते जळत असेपर्यंत सहरी खाता येई. फजर जवळ आली की मोअज्जिन ते खाली उतरवी. ज्यांची घरे दूर होती आणि ज्यांना हाक ऐकू येत नव्हती, त्यांना त्या कंदिलांवरून वेळ कळे.

पुढच्या वर्षी, ११८४ मध्ये, तो दमिश्कला पोहोचला. तिथल्या उमय्या मस्जिदीच्या जैरून दरवाजाजवळ पाण्यावर चालणारे मोठे घड्याळ होते. दिवसा पितळेचे ससाणे चोचीतून गोळ्या टाकून तास सांगत. रात्रीसाठी वेगळी सोय होती. तांब्याची बारा जाळीदार वर्तुळे, त्यांच्या आत काच, आणि काचेमागे पाण्याच्या जोरावर फिरणारा दिवा. एकेक तास सरला की एकेक वर्तुळ लाल उजेडाने भरून जाई. बारा खिडक्या आणि रंगीत उजेडाने सांगितलेली वेळ! आपण जे कडे बनवणार आहोत त्याचे हे थोरले भावंडच म्हणायचे. पाण्याच्या जागी आपल्याकडे मायक्रोकंट्रोलर आहे, एवढाच फरक.

सामान

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. आपण सांगितलेला एकच कार्यक्रम तो पुन्हा पुन्हा चालवत राहतो. शिकण्यासाठी आर्डुइनो उनो हा बोर्ड सर्वांत सोयीचा. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच पहिला आर्डुइनो बोर्ड तयार झाला. त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्याने स्वस्त नकलाही मिळतात आणि आपल्या कामाला त्या पुरतात.

त्याशिवाय लागेल ते असे: एक ब्रेडबोर्ड, जंपर वायरी, चार पायांचा एक आरजीबी एलईडी, २२० ओहमचे तीन रेझिस्टर, डब्ल्यूएस२८१२ जातीच्या बारा एलईडींचे कडे, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, एक पुश बटण आणि मोबाईलचा जुना ५ व्होल्टचा चार्जर. सगळे मिळून साधारण हजार ते दीड हजार रुपये धरा. दुकानानुसार कमीजास्त होईल. आपल्याकडच्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत रेझिस्टर आणि वायरी मिळतील, बाकीचे कुरिअरने मागवावे किंवा कुणी सुरतेला जाणार असेल त्याला यादी द्यावी. कार्यक्रम लिहायला एकदा संगणक लागेल. घरी नसेल तर शाळेतला किंवा ओळखीतला दोन-तीन संध्याकाळी चालेल.

पहिली संध्याकाळ: एक दिवा, तीन रंग

थेट कड्याला हात घालू नका. आधी चार पायांचा एलईडी घ्या. त्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकाच टोपीत असतात. सर्वांत लांब पाय सामाईक. 'कॉमन कॅथोड' प्रकारचा असेल तर हा पाय बोर्डच्या जीएनडीला जोडा. उरलेले तीन पाय प्रत्येकी एका २२० ओहमच्या रेझिस्टरमधून ९, १० आणि ११ क्रमांकाच्या पिनांना. २२० ओहमची खूण म्हणजे लाल, लाल, तपकिरी हे पट्टे.

रेझिस्टर का हवा, हे मुलांनी वहीत गणित करून पाहावे. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, बोर्ड देतो ५. उरलेल्या ३ व्होल्टना २२० ने भागले की जवळपास १४ मिलिअँपिअर येतात. एवढा प्रवाह पिनेला झेपतो. रेझिस्टर नसेल तर प्रवाहाला धरबंद राहत नाही. एलईडी जातो आणि कधी पिनही जाते. शाळेच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे हातात येतो.

आता रंग. बोर्डची पिन एक तर चालू असते किंवा बंद, अर्धवट असे काही तिला जमत नाही. मग मंद उजेड कसा? तर बोर्ड या पिना सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ कमी केला की डोळ्यांना उजेड मंद वाटतो, वाढवला की प्रखर. हे प्रमाण ० ते २५५ या आकड्याने सांगायचे. तीन रंगांसाठी तीन आकडे. २५६ चा तीनदा गुणाकार केला की १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ मिश्रणे होतात.

लाल आणि हिरवा एकत्र लावा. पिवळा दिसेल. चित्रकलेच्या तासाला लाल आणि हिरवा रंग मिसळून मळकट तपकिरी मिळतो, इथे पिवळा. मुले हमखास विचारतील, असे का? रंगाचे पाणी उजेड शोषून घेते, म्हणून रंग मिसळले की उजेड घटतो. दिव्यांचा उजेड एकमेकांत मिळतो, म्हणून वाढतो. आणि पिवळा हा हवेत तयार होत नाही, आपल्या डोळ्यांत होतो. डोळ्यांच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांतल्या दोन एकदम जाग्या झाल्या की आपल्याला पिवळा वाटतो. उजेड वस्तूकडून डोळ्यांत येतो, डोळ्यांतून किरण बाहेर जात नाहीत, हे बसऱ्याच्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडले. मुलांना हे नाव याच संध्याकाळी सांगावे. एलईडी समोर पेटलेला असताना सांगितले की ते लक्षात राहते.

यातला निळा दिवा सर्वांत उशिरा जमला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ मध्ये आला, पण प्रखर निळ्यासाठी १९९० चे दशक उजाडले. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळा नसता तर पांढरा एलईडी बल्बही नसता.

दुसरी संध्याकाळ: बारा दिव्यांचे कडे

बारा दिव्यांना छत्तीस वायरी लागतील असे वाटेल. कड्याला तीनच लागतात: ५ व्होल्ट, जीएनडी आणि निरोपाची वायर. डब्ल्यूएस२८१२ च्या प्रत्येक एलईडीत एक बारीक चिप असते. बोर्ड बाराही दिव्यांचे निरोप एकापाठोपाठ पाठवतो. पहिला दिवा आपल्या वाट्याचा निरोप ठेवून घेतो आणि बाकीचे पुढच्याला देतो. दस्तरखानावर थाळी जशी पुढे सरकते, अगदी तसे.

निरोपाची वायर ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून ६ क्रमांकाच्या पिनेला जोडा. कपॅसिटर ५ व्होल्ट आणि जीएनडी यांच्यामध्ये लावा. त्याच्या अंगावर वजा चिन्हाचा पट्टा असतो, ती बाजू जीएनडीलाच. उलटा लावला तर तो फुगतो, फुटूही शकतो. हे काम मोठ्यांसमोर करावे.

निओपिक्सेल नावाची लायब्ररी फुकट मिळते, तिच्या मदतीने कार्यक्रम सोपा होतो. इथे दोन ठिकाणी मुले अडतात. पहिली जागा रंगांच्या क्रमाची. या चिपला हिरवा, लाल, निळा असा क्रम लागतो. लायब्ररीत तो चुकीचा निवडला तर लाल मागितल्यावर हिरवा पेटतो. शोभेच्या माळेत हे चालून जाईल, पण आपल्या दिव्यात हिरवा म्हणजे खा आणि लाल म्हणजे थांबा. दुसरी जागा उजेडाची. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे बाराचे ७२० झाले. बोर्डला यूएसबीमधून ५०० पर्यंतच घेता येतात. म्हणून लायब्ररीतला उजेडाचा आकडा ५० च्या वर नेऊ नका. पहाटेच्या अंधारात तेवढा भरपूर आहे. त्याहून जास्त डोळ्यांना टोचतो आणि शेजारी झोपलेल्या लहान मुलांना उठवतो.

कडे एखाद्या दुधी प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणामागे बसवा. उजेड पसरतो, टोचत नाही. मात्र दिवे एकमेकांत मिसळून मोजता येईनासे होत असतील तर मधे पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा.

तिसरी संध्याकाळ: घड्याळ

बोर्डला वेळ कळत नाही. वीज गेली की तो सगळे विसरतो, आणि आपल्या खेड्यांत वीज जाते हे कुणाला सांगायला नको. त्यासाठी डीएस३२३१. या मॉड्यूलला स्वतःचा बटणासारखा सेल असतो, त्यामुळे वीज नसतानाही वेळ चालू राहते. याच्या आत तापमान मोजून चूक सुधारण्याची सोय आहे, म्हणून वर्षाला फार तर एखाद्या मिनिटाचा फरक पडतो. डीएस१३०७ हे जुने मॉड्यूल थोडे स्वस्त पडते, पण ऊन-थंडीने त्याची वेळ सरकते. नंदुरबारच्या उन्हाळ्यात ते घेऊ नका.

जोडणी चार वायरींची: ५ व्होल्ट, जीएनडी, एसडीए हे ए४ ला आणि एससीएल हे ए५ ला. एक खबरदारी महत्त्वाची आहे. यातल्या बऱ्याच मॉड्यूलांवर सेल चार्ज करणारा भाग असतो. त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ सेल घातला तर तो गरम होऊन फुगू शकतो. मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून चार्जिंगच्या वाटेवरचा डायोड किंवा रेझिस्टर काढून घ्या आणि मगच सेल बसवा.

चौथी संध्याकाळ: वेळांचा तक्ता

इथवर चुकले तर फार तर एक एलईडी जातो. इथे चुकले तर घरातल्या माणसाचा रोजा पणाला लागतो. म्हणून ही संध्याकाळ घाईची नाही.

पहिला प्रश्न, तक्ता कुठला? मोबाईलवर फिरणारा कुठलाही नाही. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी उगवतो आणि आधीच मावळतो. एका रेखांशाला ४ मिनिटांचा फरक. नंदुरबार सुमारे ७४.२ अंशांवर, मुंबई सुमारे ७२.९ वर, म्हणजे साडेपाच मिनिटांच्या आसपास फरक झाला. त्यात ऋतूप्रमाणे आणखी थोडे कमीजास्त होते. मुंबईचा तक्ता घातला तर आपल्याकडे फजर होऊन गेलेली असेल आणि दिवा मात्र हिरवा राहील. नागपूरचा घातला तर इफ्तार सुमारे १९ मिनिटे आधी होईल. आपल्या जिल्ह्यातच नवापूर आणि शहादा यांच्यात अडीच-पावणेतीन मिनिटांचे अंतर आहे. तेव्हा आपल्या गावच्या मस्जिदीत लावलेला तक्ताच घ्यावा. त्यात इहतियातची मिनिटे आधीच धरली आहेत का, हे इमाम साहेबांना विचारून घ्यावे. आपल्या मनाने वेळ पुढे-मागे करू नये.

दुसरा प्रश्न, तारखा कुठल्या? मुले कार्यक्रमात 'पहिला रोजा, दुसरा रोजा' असे लिहायला जातात आणि चांद एक दिवस पुढे गेला की सगळा तक्ता सरकतो. इथे थोडा विचार करायला लावावा. रमजान कधी सुरू होणार हे चांदवर आहे, पण सहरी-इफ्तारची वेळ सूर्यावर आहे. म्हणून तक्ता इंग्रजी तारखांप्रमाणे भरावा आणि रमजान सुरू झाला हे दिव्याला बटण दाबून सांगावे. चांद दिसल्यावर ते बटण घरातल्या सर्वांत लहान मुलाला दाबू द्यावे.

तिसरे, वेळ लिहायची कशी? मध्यरात्रीपासूनची मिनिटे मोजावीत. उदाहरणापुरते, सहरी ५:३२ ला संपत असेल तर ५ गुणिले ६० अधिक ३२, म्हणजे ३३२. इफ्तार संध्याकाळी ६:४१ ला असेल तर १८ गुणिले ६० अधिक ४१, म्हणजे ११२१. इथे संध्याकाळच्या सहाला सहाच धरले की ४०१ येतात आणि इफ्तारचा पांढरा उजेड सकाळीच पडतो.

तीस दिवसांचे साठ आकडे भरून झाले की दौर करावा. हिफ्जची मुले जशी एकमेकांना सबक ऐकवतात तसा. एकाने मस्जिदीचा तक्ता वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावरचा आकडा पुन्हा मिनिटांतून वेळेत आणून म्हणायचा. ज्याने आकडे भरले त्यानेच तपासू नये, आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट कार्यक्रमात आवर्जून घालावी. घड्याळाचा सेल संपला किंवा वायर निघाली तर ते मॉड्यूल बोर्डला तसे कळवू शकते. असे झाले की दिव्याने हिरवा-पांढरा काहीही न दाखवता फक्त एक निळा दिवा लावावा. अर्थ असा की मला वेळ माहीत नाही, दुसऱ्याला विचारा. खोटी वेळ दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा हे कधीही बरे.

वडीलधाऱ्यांचे डोळे

मुलांना जे रंग भारी वाटतात ते दादीला दिसतीलच असे नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांतली भिंगे पिवळट होतात आणि निळा उजेड अडवतात. म्हणून महत्त्वाचा निरोप निळ्यावर सोपवलेला नाही. काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, लाल आणि हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही. यासाठीच आपल्या दिव्यात रंगासोबत संख्या आहे. रंग ओळखता आला नाही तरी किती दिवे उरले ते मोजता येते. उघडमीट सावकाश ठेवावी, दोन सेकंदांत एकदा. भराभर लुकलुकणारा उजेड वयस्कांना त्रास देतो आणि मिर्गीच्या रुग्णांनाही घातक ठरू शकतो.

दिवा तयार झाला की तो दादीसमोर ठेवा आणि काही न समजावता विचारा, "काय दिसते?" त्यांनी जे सांगितले त्याप्रमाणे मुलांनी कार्यक्रम बदलावा.

सुरक्षितता

मुलांनी फक्त ५ व्होल्टवर काम करावे. घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीला, बोर्डाला किंवा बाजारातल्या लायटिंगच्या माळांना हात लावू नये. चार्जर चांगल्या कंपनीचा असावा. सोल्डरिंग करायचे असेल तर खिडकी उघडी ठेवून, मोठ्यांच्या देखरेखीखाली. कथिलात शिसे असते, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय खजुराला हात लावायचा नाही. वीज गेल्यावर दिवा पॉवर बँकेवर चालतो. मात्र काही पॉवर बँका इतक्या कमी प्रवाहावर आपोआप बंद होतात, तेव्हा आपली तासभर लावून तपासून घ्या.

आठ दिवस चाचणी

शाबानच्या शेवटच्या आठवड्यात दिवा रोज चालवावा. मगरिबच्या वेळी मुलांनी वही घेऊन गच्चीवर जावे. कडे पांढरे कधी झाले, अजान कधी झाली, मोबाईलचे घड्याळ काय म्हणते, तीन वेळा लिहून ठेवाव्यात. आठ दिवसांच्या नोंदी जुळल्या तरच दिवा दस्तरखानाजवळ ठेवावा. आणि रमजानात कधी दिवा आणि अजान यांत फरक पडलाच तर मस्जिदीची वेळ धरावी. दिवा मदतनीस आहे, त्याचा शब्द अखेरचा नाही, हे मुलांच्या मनात पक्के असावे.

हा इस्राफ आहे का?

काही पालक विचारतील की हजार-दीड हजार रुपये दिव्यावर कशाला? प्रश्न योग्य आहे. नुसत्या शोभेसाठी असता तर आम्हीही नाही म्हटले असते. पण कमी उजेडात हे कडे बोर्डासह एक-दोन वॅटपेक्षा जास्त वीज घेत नाही आणि दरवर्षी तक्ता बदलून तेच वापरता येते. बोर्डही एका कामात अडकून राहत नाही. उद्या त्याच्यावर पाण्याच्या टाकीची सूचना देणारा दिवा होऊ शकतो.

आणि मुलांच्या पुढच्या वाटेचाही विचार करा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे मागे राहिलेला. देशातला पहिला आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच टेंभली गावात दिला गेला. यंत्रे आपल्यापर्यंत येतात, पण ती बनवणारे हात इथे कमी तयार होतात. दहावीनंतर काय, हा प्रश्न घरोघरी आहे. अक्कलकुव्याच्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने दीनी तालीमसोबत पॉलिटेक्निक आणि फार्मसीचे शिक्षण आपल्या दारात आणले. तिथे किंवा आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल घ्यावे का, हे मार्कांवरून कळत नाही. मुलाने चार संध्याकाळी बसून एक चूक शोधून काढली का, यावरून पुष्कळ कळते. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहेत. आपल्या शाळेत असेल तर ती कुलूपबंद राहू नये म्हणून पालकांनी चौकशी करावी.

मुलींबद्दल एक शब्द. वायरी भावाने जोडायच्या आणि बहिणीने डबा सजवायचा, अशी वाटणी कृपया करू नका. कार्यक्रम लिहिणे, आकडे तपासणे, कुठे चुकले ते शोधणे, यात तिचा बरोबरीचा वाटा असावा. पहाटे चुलीपुढे अम्मीसोबत बहुधा तीच असते. दिवा कुठे ठेवला म्हणजे तव्यापासून मान न वळवता दिसेल, हे तिच्याइतके कुणालाच कळणार नाही.

पुढच्या अंकात याच कड्याला पाच नमाजांच्या वेळा आणि वर्षभराचा तक्ता कसा जोडायचा ते पाहू, इन्शाअल्लाह. तोवर सामानाची यादी करा आणि मस्जिदीत जाऊन तक्ता उतरवून आणा.